टाळू रुंदावला, पण नाकाचं काय?

"मॅडम, ह्याच्या नाकाचं हाड वाढलंय."

सांगलीत वेड्यावाकड्या दातांना तारा लावायचं काम मी करते. हे वाक्य खरं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर बोलायचं. पण ते माझ्याकडे बोललं जातं, आणि अलीकडे जरा जास्तच. पोरगा खुर्चीत आ वासून बसलेला असतो. वरचा ओठ आखूड, फुटलेला, डोळ्यांखाली काळसर. आई सांगते, रात्री घोरतो, उशी लाळेने भिजते, सकाळी उठता उठत नाही, शाळेत बाई म्हणतात लक्ष नाही. मग वडील मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवतात. त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगत असतं की टाळूत स्क्रू बसवून जबडा रुंद केला की नाक मोकळं होतं, घोरणं थांबतं, ऑपरेशनची गरज राहत नाही.

हे थोडं खरं आहे. कुठलं थोडं, हे सांगायला मात्र दवाखान्यातली दहा मिनिटं पुरत नाहीत, म्हणून हा लेख.

जीभ वर टेकवून पाहा. पुढचा जो कडक भाग लागतो तो टाळूचा हाडाचा भाग. दुमजली घरात खालच्यांचं छत तीच वरच्यांची जमीन असते, तसा हा टाळू तोंडाचं छत आहे आणि नाकाची जमीन आहे. मधल्या हाडाची जाडी कित्येक ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटर. शिवाय ते एकसंध नसतं. उजवा आणि डावा असे वरच्या जबड्याचे दोन भाग मधोमध एका शिवणीवर भेटतात, आणि त्या शिवणीच्या बरोबर वर नाकाचा मधला पडदा उभा असतो. नाकाच्या बाहेरच्या भिंतींचा बराचसा भागही याच जबड्याच्या हाडाचा. त्यामुळे टाळूचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरकले तर नाकाच्या भिंतींनाही सरकावंच लागतं. इथपर्यंत व्हिडिओवाल्याचं बरोबर आहे.

हे शब्दांनी पटत नसेल तर दुभंगलेला टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईला विचारा. पाजलेलं दूध नाकातून येताना तिने पाहिलेलं असतं. ही मुलं आठ-दहा वर्षांची झाली की पुन्हा आमच्याकडे येतात. हिरडीतली फट भरायला कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे बसवतात, आणि त्याआधी दबलेला जबडा रुंद करून घ्यावा लागतो. रुंद करता करता कधीकधी तोंड आणि नाक यांच्यातलं जुनं छिद्र पुन्हा उघडं पडतं आणि पोरगं सांगतं, "पाणी प्यायलो की नाकात जातंय." दोन्ही मजल्यांचं नातं एवढं जवळचं आहे.

आता ते यंत्र. आम्ही त्याला एक्सपांडर म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे हायरॅक्स. विल्यम बिडरमन या अमेरिकन दंतवैद्याने १९६८ साली तो पुढे आणला. त्याआधीच्या यंत्रांत टाळूला चिकटून अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या असत, त्यांच्याखाली अन्न अडकून सूज यायची. बिडरमनने त्या काढून टाकल्या आणि नुसता धातूचा सांगाडा ठेवला. वरच्या दाढांवर स्टीलचे बँड सिमेंटने बसवायचे, त्यांना जोडलेल्या जाड तारा टाळूच्या मध्यावर येतात आणि तिथे एक स्क्रू. स्क्रूला बारीक छिद्रं. त्यात चावी घालून पुढून मागे, घशाच्या दिशेने, ढकलायची. पुढचं छिद्र दिसलं की एक वळसा पुरा झाला. एका वळशाला साधारण पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक.

हे काम घरी आईवडिलांनी करायचं असतं, आणि पहिले दोन दिवस घराघरांत जो गोंधळ होतो तो फोनवर ऐकण्यासारखा असतो. पोराला आडवं करायचं, डोकं आईच्या मांडीवर, वडिलांच्या हातात मोबाइलचा टॉर्च. चावीला दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळायला मी सांगते, कारण हातातून निसटलेली चावी घशात जायला वेळ लागत नाही. चावी पूर्ण मागे नेली नाही तर पुढचं छिद्र नीट वर येत नाही, आणि रात्री दहाला मेसेज येतो: "मॅडम, भोकच दिसत नाही." चावी काढताना ती मागे ओढली गेली तर केलेला वळसा उलटा फिरतो. म्हणून चावी खाली, जिभेच्या बाजूला, उतरवून काढायची. एवढं एकदा हाताला कळलं की पुढचे दोन आठवडे निवांत जातात.

वळसा दिल्यावर मुलाला दुखत नाही, पण काहीतरी जाणवतं. कुठे, ते विचारलं की बहुतेक मुलं बोट दातांवर ठेवत नाहीत. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी ठेवतात. काही जण गालाच्या हाडावर. वरचा जबडा कपाळाला, नाकाच्या हाडांना आणि गालाच्या हाडांना जोडलेला असतो, त्या सगळ्या सांध्यांवर ताण पोचतो. पाच-दहा मिनिटांत तो ओसरतो. मला हे बोट पाहायला आवडतं. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जे चित्र काढून शिकावं लागतं, ते आठ वर्षांचं पोर न शिकता दाखवतं.

आठवड्याभरात पुढच्या दोन दातांमधे फट पडते. याची कल्पना आधी दिली नसेल तर घरात हलकल्लोळ होतो. आजी तर थेट म्हणतात, "सोन्यासारखे दात होते, फट कशाला पाडली?" पण ती फट हीच आमच्या दृष्टीने चांगली बातमी असते. दात नुसते बाहेर कलंडत नसून मधली शिवण उघडली, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा. स्क्रू थांबवला की हिरडीतले तंतू ते दोन दात हळूहळू परत जवळ ओढतात, काही महिन्यांत फट आपोआप मिटते. शिवणीत मात्र नवं हाड भरायला वेळ लागतो, त्यामुळे यंत्र तसंच, न फिरवता, चार-सहा महिने तोंडात ठेवायचं. हे महिने कंटाळ्याचे असतात. 'स' आणि 'श' बोबडे होतात, चिक्की आणि ऊस बंद, आणि भाकरीचा तुकडा तारेच्या वर जाऊन बसला की बोटाने निघत नाही. सुई काढलेल्या साध्या सिरिंजने पाण्याचा झोत मारायला शिकवलं की निघतो.

वयाचं गणित इथे फार महत्त्वाचं आहे. डेन्मार्कच्या बिर्टे मेलसन यांनी १९७५ साली टाळूच्या शिवणीचे सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने तपासून दाखवलं की लहानपणी ही शिवण रुंद आणि सरळ असते, मग ती नागमोडी होत जाते आणि किशोरवयात दोन्ही कडा एकमेकींत गुंतून घट्ट होतात. म्हणून आठ ते बारा-तेरा वर्षं हा काळ आमच्या सोयीचा. सोळा-सतराव्या वर्षी तोच स्क्रू फिरवला तर शिवण हटून बसते आणि दाढा बाहेर कलंडतात. अर्थात, वयाचा दाखला आणि शिवणीचं वय जुळतंच असं नाही. काही मुलींची शिवण बाराव्या वर्षीच बंद होऊ लागलेली दिसते.

ही कल्पना नवीन असेल असं वाटत असेल तर थांबा. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल याने १८६० साली 'डेंटल कॉसमॉस' या मासिकात लिहिलं की चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वरच्या उपदाढांमधे स्क्रू बसवून, चावी तिच्याच हाती देऊन, त्याने दोन आठवड्यांत जबडा रुंद केला आणि पुढच्या दातांमधे फट पडली; म्हणजे हाडंच सरकली असणार. मासिकाच्या संपादकांनीच त्यावर शंका घेतली. एंजेलला ती खोडून काढता येईना, कारण क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण दाखवणार कसं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाकाच्या डॉक्टरांनी ही कल्पना उचलून धरली होती. मग अमेरिकेत ती मागे पडली. दात हलवले की हाड आपोआप वाढतं, शिवण उघडायची गरज नाही, असा मतप्रवाह जोरात होता. युरोपात ती तगून राहिली. अमेरिकेत तिला परत आणलं अँड्र्यू हास यांनी. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, मग मुलांवर उपचार केले, आणि १९६१ साली जो लेख छापला त्याच्या शीर्षकातच वरच्या दंतकमानीच्या जोडीला नाकाच्या पोकळीचा उल्लेख होता. म्हणजे नाकाची आशा या उपचाराला अगदी पहिल्यापासून चिकटलेली आहे. मोबाइलवरच्या माणसाने ती शोधलेली नाही.

मग मोजमाप काय सांगतं?

शिवण सगळीकडे सारखी उघडत नाही. समोरून पाहिलं तर ती त्रिकोणात उघडते, पाया खाली टाळूकडे आणि टोक वर नाकाच्या मुळाकडे. खालून पाहिलं तर पुढे जास्त, मागे कमी. त्यामुळे टाळूला जेवढं मिळतं तेवढं नाकाला मिळत नाही. रोमच्या पाओला पिरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मुलांवरचा एक अभ्यास छापला. त्यात वरच्या जबड्याची रुंदी सरासरी ४.३२ मिलिमीटरने वाढली, आणि नाकाच्या हाडाचं समोरचं जे तोंड असतं, ते सरासरी १.३ मिलिमीटरने. तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी.

सव्वा मिलिमीटर ऐकून पालकांचे चेहरे उतरतात. पण हवेचा हिशेब वेगळा चालतो. गोल, सरळ नळीतून हवा संथ वाहत असेल तर त्रिज्या दुप्पट केल्यावर अडथळा निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. नाक काही गोल सरळ नळी नाही, त्यामुळे हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही. तरी मुद्दा तोच: जिथे मार्ग सगळ्यात अरुंद आहे तिथे थोडीशी वाढही श्वासाला जाणवते. आणि नाकातली सगळ्यात अरुंद जागा पुढेच असते, नाकपुडीच्या आत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर. स्क्रूचा परिणामही खाली आणि पुढेच जास्त. योग जुळून येतो तो इथे.

तो सगळ्यांच्या बाबतीत जुळत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डोनाल्ड वॉरन यांच्या गटाने १९८७ साली टाळू रुंदावण्याआधी आणि नंतर नाकातल्या वाटेचं क्षेत्रफळ मोजलं. सरासरीने ते भरघोस वाढलं होतं. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत ते वाढूनही नाकाने श्वास घ्यायला पुरेसं झालं नव्हतं. त्याच सुमाराला इतरांनीही पाहिलं की सरासरी अडथळा कमी होतो खरा, पण एकेका मुलाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. काहींना खूप फरक, काहींना काहीच नाही. सरासरी हा आकडा अभ्यासकाच्या कामाचा. आईला सरासरी नको असते, तिला तिचा पोरगा हवा असतो.

असं का होतं, ते आमच्या भागात राहून लगेच कळतं. ऊसतोडणी झाली की शेतात पाचट पेटवतात, संध्याकाळी धूर खाली बसतो. नदीकाठी वीटभट्ट्या. बाजारात हळदीची पूड हवेत. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल वळकट्या असतात, बोली भाषेत लोक त्यालाच 'हाड वाढलंय' म्हणतात. धूळ-धुराच्या अ‍ॅलर्जीने त्या सुजतात. हाडाची भिंत मिलिमीटरभर बाहेर सरकवली आणि आतली सूज दोन मिलिमीटरने वाढली, तर मिळवलं काय? अशा मुलाला आधी अ‍ॅलर्जीचा उपचार हवा. दुसरं कारण अडेनॉइड. नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वर, ही टॉन्सिलसारखी गाठ असते. शाळेत जाऊ लागण्याच्या वयात ती मोठी असते आणि पुढे वयात येईपर्यंत आपणहून आक्रसते. वाट तिथे अडली असेल तर पुढच्या बाजूला स्क्रूने कितीही रुंदी आणा, मागचं दार बंदच.

याच कारणामुळे या विषयातल्या अभ्यासांकडे मी जरा सावधपणे बघते. नऊ वर्षांच्या मुलाचा टाळू रुंदावला आणि वर्षाने तपासलं, तर त्या वर्षात त्याचं नाक वाढलेलं असतं, अडेनॉइड लहान झालेलं असतं, एखादा पावसाळा बरा गेलेला असतो. उपचार न केलेली तशीच मुलं शेजारी ठेवून तुलना केली नसेल तर श्रेय कुणाचं, ते कसं ठरवणार? आणि अशी तुलना नसलेले अभ्यास या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

मोजण्याच्या पद्धतीही सांगते, कारण पालकांना वाटतं की एक्स-रे काढला की कळलं. रायनोमॅनोमेट्रीत मास्क लावून दाब आणि हवेचा प्रवाह मोजतात. अकूस्टिक रायनोमेट्रीत नाकात आवाजाची लहर सोडून तिच्या प्रतिध्वनीवरून आतली रुंदी काढतात. चांगला तपासणारा नाक मोकळं करणारे थेंब घालण्याआधी एकदा आणि घातल्यावर एकदा मोजतो. थेंबांनी फरक पडला तर अडथळा सुजेचा, नाही पडला तर हाडाचा, असा साधा तर्क. आणि दोन्ही नाकपुड्या मोजायलाच हव्यात. निरोगी माणसातही एक नाकपुडी काही तास मोकळी असते, दुसरी जडावलेली, आणि मग अदलाबदल होते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ साली याचं वर्णन केलं. आपल्याकडे चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणत योगी मंडळी त्याच्या कितीतरी आधीपासून त्यावर लक्ष ठेवून होती. प्राणायाम करणारे आजोबा नातवासोबत आले की ही गोष्ट मला समजावून सांगावी लागत नाही, तेच मला सांगतात.

माझ्या दवाखान्यात यातलं एकही महागडं यंत्र नाही. थंड स्टीलची छोटी पट्टी किंवा दातांचा आरसा नाकाखाली धरते; वाफेचे दोन डाग कसे उमटतात, एक मोठा एक लहान, की एकच, ते पाहते. कापसाचा पिंजलेला धागा नाकपुडीसमोर धरते, हलतो का. मग तोंडात घोटभर पाणी धरून मिनिटभर बसायला सांगते. मिनिटभर जो आरामात बसतो, त्याच्या नाकातून हवा जाते. त्याचं उघडं तोंड ही सवय असू शकते. ज्याचे डोळे दहा सेकंदांत मोठे होऊ लागतात, त्याला पाणी थुंकू देते आणि लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिते. या चाचण्या ढोबळ आहेत, पण त्या फसवत नाहीत अशा मर्यादेत मी त्या वापरते.

पाणी धरता येणारी मुलं बरीच असतात, आणि इथे आणखी एक गुंता आहे. नाक मोकळं झालं म्हणून तोंड मिटतंच असं नाही. एका मुलीचा टाळू छान रुंद झाला, दाढा जागेवर आल्या, आरशावर दोन्ही डाग सारखे उमटू लागले, आणि ती टीव्हीसमोर पूर्वीसारखीच तोंड उघडं टाकून बसायची. आई हैराण. मग ओठांत कागदाचा कपटा धरून गृहपाठ करायचा, जीभ टाळूला लावून ठेवायची, असे रोजचे व्यायाम दिले. जीभ टाळूला लागलेली असणं यालाही महत्त्व आहे. तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ खाली पडते, गालांचा दाब वरच्या दाढांवर आतून तोलायला कुणी उरत नाही, आणि कमान अरुंद होत जाते.

पण अरुंद टाळूमुळे नाक बंद, की बंद नाकामुळे टाळू अरुंद? एगिल हारवोल्ड यांनी कॅलिफोर्नियात माकडांच्या नाकात सिलिकॉनचे बोळे घालून ती बंद केली आणि काही वर्षं त्यांचे जबडे पाहिले. सगळ्या माकडांचे जबडे आणि दात बदलले, पण सगळ्यांचे एकाच प्रकारे नाही. कुणी जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागलं, कुणी जबडा खाली पाडून, आणि ज्याने जी तऱ्हा धरली तसा त्याचा चेहरा घडला. स्वीडनच्या स्टेन लिंडर-आरॉन्सन यांनी १९७० साली अडेनॉइड वाढलेल्या मुलांमधे अरुंद कमान आणि लांबट चेहरा यांचा संबंध दाखवला. म्हणजे बंद नाक हे एक कारण आहे. अंगठा चोखणं हे दुसरं, घराण्याची ठेवण हे तिसरं. बाप-लेकाचे जबडे शेजारी ठेवले की कित्येकदा प्रश्न तिथेच मिटतो.

नाकाने श्वास घ्यावा यासाठी एवढा आटापिटा कशाला, असंही कुणी विचारतं. नाक हवा गरम करतं, ओली करतं, गाळतं. शिवाय नाकाभोवतीच्या सायनसमधे नायट्रिक ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो आणि नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९९०च्या दशकात हे लक्षात आलं. तोंडाने घेतलेल्या श्वासाला यातलं फारसं काही मिळत नाही. त्यात हिरड्या कोरड्या पडून सुजतात, ते वेगळं.

आता झोप. वर उल्लेख केलेल्या पिरेली यांच्या अभ्यासात ३१ मुलं होती, सगळ्यांना झोपेत श्वास अडण्याचा त्रास. उपचाराआधी तासाला सरासरी बारा वेळा श्वास अडत किंवा मंदावत होता. नंतर सगळ्यांचा आकडा एकच्या खाली आला. हाच अभ्यास फिरून फिरून व्हिडिओंत येतो. पण त्यात एक अट होती जी व्हिडिओत गळून पडते: या मुलांचे टॉन्सिल आणि अडेनॉइड वाढलेले नव्हते, आणि जबडा अरुंद होता. माझ्याकडे घोरतो म्हणून आणलेल्या मुलांत टॉन्सिल एकमेकांना भेटायला आलेली मुलंच जास्त असतात. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. त्याचं सार असं की जबडा खरोखर अरुंद असेल तर टाळू रुंदवावा आणि श्वासाला फायदा झाला तर आनंद मानावा. केवळ झोपेतल्या श्वासासाठी, जबडा व्यवस्थित असताना, तो रुंदवू नये. मी त्याच बाजूची आहे. जबडा ठीक असताना वरची कमान रुंद केली तर वरच्या दाढा खालच्यांच्या पार बाहेर जातात आणि चावताच येत नाही. आपण नवाच आजार तयार केलेला असतो.

म्हणून दवाखान्यात मी आधी नाकाकडे बघत नाही, दाढा मिटून चावायला सांगते. वरच्या दाढा खालच्यांना बाहेरून झाकत असतील तर ठीक. त्या आत पडत असतील, एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना, तर त्याला क्रॉसबाइट म्हणतात, आणि तो नाकाचं काही असो वा नसो, वेळेवर सुधारायला हवा. एका बाजूच्या क्रॉसबाइटमधे मुलं खालचा जबडा सरकवून चावतात आणि हनुवटी वाकडी वाढू लागते. स्क्रू बसवायचं हे माझं कारण. नाकाला मिळेल ते वरकड. काही पालकांना हे बोलणं थंड वाटतं. ते दुसरीकडे जातात, जिथे मोकळ्या नाकाची हमी मिळते. नाकाचा पडदाही सरळ होईल का, असं विचारणारेही भेटतात. त्याला मी सरळ नाही म्हणते.

स्क्रू थांबवल्यावर साधारण सहा महिन्यांनी, यंत्र काढायच्या दिवशी, मी तोच आरसा पुन्हा नाकाखाली धरते, पाणी धरायला सांगते, आणि आईला विचारते: उशी कोरडी राहते का, घोरणं थांबलं का, सकाळी स्वतःहून उठतो का. उत्तर 'नाही' असं आलं तर दुसरी चिठ्ठी कान-नाक-घशाकडे जाते, पहिली गेली असली तरी. एकाच उपचाराने झालं नाही म्हणून दोघा डॉक्टरांपैकी कुणाचं नाक कापलं जात नाही.

याच दिवशी बहुतेक वेळा वडील दाराशी रेंगाळतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, मला लावता येईल का? मी फार घोरतो." चाळिशीतल्या माणसाची शिवण दातांना धरलेल्या स्क्रूने उघडत नाही. त्यासाठी टाळूच्या हाडात थेट बारीक स्क्रू रोवणारं यंत्र आहे, किंवा जबड्याचं ऑपरेशन करून मग रुंदावण्याची पद्धत आहे, आणि दोन्ही त्यांच्यासाठी असतातच असं नाही. मी त्यांना मुलाच्या खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगते. टाळू रुंद, दाढा जागच्या जागी. मग शर्टाच्या कॉलरचा नंबर विचारते, वजन विचारते, आणि झोपेच्या तपासणीची चिठ्ठी देते.